जोडीतल्या मंद ताऱ्याची साक्ष

मायावती, म्हणजेच अल्गोल, हा ययाती तारकासमूहातला तारा. डिसेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास तो महाराष्ट्रातून उत्तरेकडे बराच उंच दिसतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचं तेज उतरतं. २.१ प्रतीचा तारा ३.४ प्रतीपर्यंत खाली येतो आणि साधारण दहा तासांत हा सगळा चढउतार आटोपतो. याचं कारण त्याचा साथीदार. तो आकाराने मोठा पण तेजाने मंद आहे, आणि प्रत्येक फेरीत एकदा आपल्या आणि तेजस्वी ताऱ्याच्या मध्ये येतो.

तेज उतरल्याची नोंद कुणालाही नुसत्या डोळ्यांनी करता येते. साथीदाराचा स्वतःचा प्रकाश मात्र मुख्य ताऱ्याच्या झगमगाटात बुडालेला असतो. तो वेगळा काढून त्याचा वर्णपट वाचायचा तर मोठी दुर्बीण, नाजूक उपकरणं आणि चिकाटी लागते. एवढा खटाटोप करावा का, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या दोन्ही बाजू इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी मांडल्या आहेत. मामा निवृत्त अभियंते आहेत आणि वर्षानुवर्षं रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवतात. त्यांची भाची जोडताऱ्यांच्या वर्णपटांवर पीएच.डी. करते आहे. माणसं कल्पित असली, तरी ती ज्या ताऱ्यांबद्दल आणि शोधांबद्दल बोलतात ते खरे आहेत.

मामा : अल्गोलबद्दल जे महत्त्वाचं होतं, ते प्रकाशाच्या चढउतारातूनच कळलं की नाही, सांग बघू. यॉर्कमधला जॉन गुडरिक अठरा वर्षांचा पोरगा होता. त्याला ऐकू येत नव्हतं. १७८२ च्या नोव्हेंबरपासून तो शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत अल्गोलचं तेज टिपत बसला. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीपुढे त्याचं टिपण वाचलं गेलं. त्यात त्यानं ताऱ्याचा आवर्तकाळ सांगितला, आणि एखादं मोठं पिंड त्याच्यासमोरून जात असावं असंही सुचवलं. त्याच वर्षी त्याला कॉप्ली पदक मिळालं. या सगळ्यात वर्णपट कुठे आला?

भाची : गुडरिकबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, मामा. पण त्याच टिपणात त्यानं दुसरी शक्यताही मांडली होती. ताऱ्याच्या अंगावर डाग असतील आणि तारा स्वतःभोवती फिरताना डागाळलेली बाजू आपल्याकडे येत असेल. त्याच्या नोंदींत दोन्ही गोष्टी बसत होत्या. निकाल लागायला १८८९ साल उजाडलं. जर्मनीत पॉट्सडॅमला हेरमान फोगेलनं अल्गोलचे वर्णपट घेतले, तेव्हा त्यांतल्या रेषांच्या सरकण्यावरून दिसलं की ग्रहणाआधी तारा आपल्यापासून दूर जातोय आणि ग्रहणानंतर जवळ येतोय. म्हणजे कुणाभोवती तरी फिरतोय. डागांचा मुद्दा तिथे संपला.

मामा : मान्य. पण फोगेलला दिसला तो तेजस्वी ताराच. साथीदाराचा प्रकाश पहिल्यांदा पकडला तो आमच्या प्रकाशमापनवाल्यांनीच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जोएल स्टेबिन्सनं दुर्बिणीला सेलेनियमचा घट लावला. प्रकाश पडला की सेलेनियमचा विद्युतरोध बदलतो, तो मोजायचा. १९१० मध्ये त्यानं दाखवून दिलं की दोन मोठ्या ग्रहणांच्या बरोबर मध्ये अल्गोलचं तेज आणखी एकदा, अगदी जरासं, ०.०६ प्रतीनं उतरतं. तेव्हा साथीदार मागे जात असतो. मागे गेल्यावर तेज कमी होतं, म्हणजे तो स्वतःही प्रकाश देतो! तोवर लोक त्याला काळोखा गोळाच समजत होते. आता मला सांग, राहिलं काय?

भाची : वस्तुमान राहिलं. ताऱ्याची सगळी कुंडली त्याच्या वस्तुमानावर ठरते. तो किती तापेल, किती जगेल, शेवटी त्याचं काय होईल, हे सगळं. आणि इथे प्रकाशाचा आलेख हात टेकतो. ग्रहण किती वेळ चालतं, किती खोल जातं, यावरून ताऱ्यांचे आकार मिळतात, पण तेही दोघांमधल्या अंतराच्या प्रमाणात. ते अंतर प्रत्यक्ष किती किलोमीटर, हे त्यातून कळत नाही.

मामा : मग फोगेलच्या पद्धतीनं मोजलेला तेजस्वी ताऱ्याचा वेग आहेच की. सेकंदाला ४४ किलोमीटर.

भाची : तो एकच आकडा आहे, आणि अज्ञातं दोन. त्या वेगावरून आणि आवर्तकाळावरून दोघांना बांधणारं एकच समीकरण मिळतं. तेजस्वी तारा सूर्याच्या तिप्पट जड धरला, तर मंद तारा सूर्याच्या ०.७ पट येतो. पाचपट धरला, तर मंद तारा जवळजवळ सूर्याएवढा निघतो. तुम्ही अभियंते आहात मामा. ज्यात पहिला आकडा गृहीत धरल्याशिवाय दुसरा निघत नाही, त्या मोजमापावर तुम्ही पूल बांधला असता का?

मामा : गृहीत म्हणजे हवेतून नाही ना धरलेला. तारा कुठल्या वर्गाचा आहे ते रंगावरून, रेषांवरून कळतं, आणि त्या वर्गाचं वस्तुमान कोष्टकात असतं.

भाची : आणि कोष्टकात ते आलं कुठून? ज्या जोड्यांमध्ये दोन्ही ताऱ्यांच्या रेषा मोजता आल्या, त्यांच्यावरूनच. कोष्टक मंद ताऱ्यांच्या जिवावर उभं राहिलं, आणि आता तेच दाखवून तुम्ही म्हणता मंद ताऱ्याची गरज नाही.

मामा : बरं, अल्गोलच्या साथीदाराच्या रेषा शेवटी सापडल्या कशा, ते सांग.

भाची : १९७८ मध्ये, टेक्ससमधल्या मॅकडोनल्ड वेधशाळेत. जॉसेलिन टॉमकिन आणि डेव्हिड लॅम्बर्ट यांनी. एकूण प्रकाशात या साथीदाराचा वाटा जेमतेम काही टक्के. म्हणजे त्याची रेषा त्याच्या स्वतःच्या वर्णपटात कितीही ठसठशीत असली, तरी एकत्र वर्णपटात ती त्या काही टक्क्यांहून खोल असूच शकत नाही. फोटोच्या काचेवरचा रवाळपणा एवढी बारीक खाच गिळून टाकायचा. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारच्यानं कानात सांगितलेलं ऐकायचं, तशातला प्रकार. त्यांनी काचेऐवजी रेटिकॉन वापरला. ती सिलिकॉनच्या प्रकाशसंवेदकांची ओळ असते. प्रकाश दुप्पट झाला की तिचा संकेतही नेमका दुप्पट होतो, म्हणून बारीक फरकावर विश्वास ठेवता येतो.

मामा : आणि शोधलं काय त्यात?

भाची : सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमच्या. निवड अगदी विचारपूर्वक होती. तेजस्वी तारा इतका तापलेला आहे की त्याच्यात सोडियमची रेषा फारच क्षीण. मंद तारा साधारण साडेचार हजार अंश तापमानाचा, त्याच्यात ती ठळक. म्हणजे तेजस्वी तारा जिथे जवळजवळ गप्प असतो, तिथेच त्यांनी कान लावला. तरी अडचणी होत्याच. त्याच भागात आपल्या वातावरणातल्या बाष्पाच्या रेषा दाटीनं येतात. शिवाय हा साथीदार जितक्या वेळात एक फेरी मारतो, तितक्याच वेळात स्वतःभोवती फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला साठ किलोमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे त्याच्या रेषा पसरट होतात. पण त्या सरकतात, हे महत्त्वाचं. एकदा निळ्याकडे सुमारे चार अँगस्ट्रॉम, आणि अर्ध्या फेरीनंतर तांबड्याकडे तेवढ्याच. त्या दोन रेषांमधलं अंतरच मुळी सहा अँगस्ट्रॉम, यावरून सरकणं केवढं असेल बघा. त्याचा वेग निघाला सेकंदाला २०१ किलोमीटर.

मामा : म्हणजे ४४ ला २०१ नं भागायचं.

भाची : बरोबर. जड तारा हळू फिरतो, हलका जोरात. भागाकार येतो ०.२२, म्हणजे साथीदार तेजस्वी ताऱ्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जड. दोन्ही वेगांची बेरीज घेतली की दोघांमधलं अंतर मिळतं. ते सुमारे ९७ लाख किलोमीटर, सूर्य आणि बुध यांच्यातल्या सरासरी अंतराचा सहावा हिस्सा. अंतर मिळालं की केप्लरच्या नियमानं एकूण वस्तुमान मिळतं. टॉमकिन आणि लॅम्बर्ट यांचे आकडे आहेत तेजस्वी तारा सूर्याच्या ३.७ पट, मंद तारा ०.८१ पट. दोन्ही मोजलेले, गृहीत कुठलाच नाही.

मामा : थांब. तुमच्या या मोजलेल्या आकड्यांबद्दलच मला बोलायचंय. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या चारा या जोडदुर्बिणींनी अल्गोलचे तारे सुटेसुटे पाहिले आणि वस्तुमानं काढली. तेजस्वी ३.१७ आणि मंद ०.७०. पुढे २०१५ मध्ये झाग्रेबच्या गटानं नव्यानं वर्णपट घेतले, तर आकडे आले ३.३९ आणि ०.७७. ३.७ चे ३.१७ होतात आणि परत ३.३९ होतात! हे मोजमाप म्हणायचं की अंदाज?

भाची : रास्त प्रश्न आहे. पण तीनही वेळा भागाकार करून बघा. ०.८१ भागिले ३.७, ०.७० भागिले ३.१७, ०.७७ भागिले ३.३९. तिन्ही उत्तरं ०.२२ ते ०.२३ च्या आसपास येतात. १९७८ मध्ये सोडियमच्या त्या दोन रेषांनी जे मूळ सांगितलं, ते सदतीस वर्षं जागचं हललेलं नाही. वस्तुमान हे वेगाच्या घनावर अवलंबून असतं. वेगात दोन टक्क्यांची चूक झाली तर वस्तुमानात सहा टक्क्यांची होते, म्हणून आकडे हलतात. पण ०.७७ च्या पुढे झाग्रेबच्या गटानं चुकीची मर्यादा दिलीय फक्त ०.०१. इतकी बारीक मर्यादा आली ती मंद ताऱ्याचा वर्णपट अधिक काटेकोरपणे वेगळा काढता आला म्हणूनच.

मामा : वेगळा काढला म्हणजे वजा केला. तेजस्वी ताऱ्याचा वर्णपट असा असेल असं मानायचं, तो वजा करायचा, आणि जे उरेल त्याला साथीदार म्हणायचं. त्यात तुमचं स्वतःचंच मानलेलं परत हाती येत नाही कशावरून?

भाची : जुन्या पद्धतीत तो धोका खराच होता. म्हणून १९९४ मध्ये सायमन आणि स्टुर्म यांनी, आणि १९९५ मध्ये चेक खगोलशास्त्रज्ञ पेट्र हाद्रावा यांनी वेगळी वाट काढली. संपूर्ण फेरीत पसरलेले पुष्कळ वर्णपट घ्यायचे. प्रत्येक ताऱ्याच्या रेषा त्याच्या त्याच्या वेगानं सरकतात. कुठली खाच कुणाबरोबर सरकते, हे गणितानं एकदम सोडवायचं. कुठल्याही ताऱ्याचा वर्णपट आधी मानावा लागत नाही, प्रत्येकाचा तो उत्तरातूनच बाहेर पडतो. अल्गोलमध्ये तर तिसराही तारा आहे, या जोडीभोवती ६८० दिवसांत फिरणारा. झाग्रेबच्या गटानं तिघांचेही वर्णपट सुटे केले.

मामा : चल, वस्तुमानाचं मी मान्य करतो. पण त्यानं आपल्याला नवं काय कळलं? साथीदार हलका आहे आणि म्हातारा आहे, हे कोडं आधीपासून माहीतच होतं. जड तारा लवकर म्हातारा व्हायला हवा, इथे उलटं झालंय. त्याचं उत्तर १९५५ मध्ये जॉन क्रॉफर्डनं दिलं. आजचा हलका तारा मुळात जड होता. तो आधी फुगला, आणि त्याचं बाहेरचं द्रव्य शेजाऱ्याकडे वाहून गेलं. तेही कागदावर, मंद ताऱ्याची रेषा न बघता.

भाची : कागदावर ते शक्य ठरलं. पण घडलं असंच, याला पुरावा काय? सूर्यासारख्या घडणीचा, सूर्याच्या ०.८ पट जड तारा एकटा असता, तर म्हातारा व्हायला त्याला विश्वाचं आजवरचं वयही पुरलं नसतं. तरी अल्गोलचा साथीदार फुगून सूर्याच्या साडेतीन पट झालाय. म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय हे नक्की. काय घडलं, ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असायला हवं. आणि ते वाचणाऱ्यांत आपल्याकडचे मुडुंबा पार्थसारथी होते, बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे.

मामा : अल्गोलवर?

भाची : अल्गोलच्याच जातीच्या दोन जोड्यांवर, यू सेफी आणि यू सॅगिटे. अल्गोलचं ग्रहण खंडग्रास असतं, तेजस्वी तारा पुरता झाकला जात नाही. या दोघींमध्ये खग्रास होतं. यू सेफीची फेरी अडीच दिवसांची. दर फेरीत साधारण दोन तास तेजस्वी तारा पूर्ण झाकला जातो आणि मंद तारा एकटा उरतो. वजाबाकीची गरजच नाही. त्या वेळात पार्थसारथी, लॅम्बर्ट आणि टॉमकिन यांनी वर्णपट घेतले. १९८३ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला की या मंद ताऱ्यांच्या पृष्ठभागावर कार्बन कमी आहे आणि नायट्रोजन जास्त.

मामा : कार्बन कमी असल्यानं काय सिद्ध होतं?

भाची : जड ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं, ते कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मदतीनं. त्या साखळीत नायट्रोजनची पायरी सर्वांत धिमी. त्यामुळे कार्बन खर्ची पडतो आणि नायट्रोजन साठत जातो. पण हे सगळं खोल आत घडतं. बाहेरच्या थराला त्याचा पत्ताही नसतो. मग आतलं हे द्रव्य पृष्ठभागावर दिसतंच कसं? बाहेरचे थर निघून गेले असतील तर. क्रॉफर्डनं कागदावर जे म्हटलं, त्याची ही प्रत्यक्ष साक्ष. शिवाय ही साखळी जोरात चालायला तारा मुळात सूर्याहून बराच जड असावा लागतो. आज हलका असलेला तारा एके काळी जड होता, हे त्याच्या अंगावरचा नायट्रोजन सांगतो. प्रकाशाचा आलेख कितीही अचूक काढा, त्यात नायट्रोजन दिसणार नाही.

मामा : हे मात्र पटलं. आता माझंही एक ऐक. यू सेफीचा आवर्तकाळ शोध लागल्यापासून, म्हणजे १८८० पासून, वाढत आलाय. हलका तारा जड ताऱ्याला द्रव्य देत असेल तर कक्षा रुंदावते आणि फेरीला वेळ जास्त लागतो. म्हणजे हे वाहणं आजही चालू आहे. हे कळलं कशावरून? पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी रात्री जागून ‘आज ग्रहणाचा मध्य इतक्या वाजता’ असं वहीत लिहिलं म्हणून. तुझा वर्णपट एका रात्रीचा. काळाची ओळ आमच्याकडे आहे.

भाची : ते मी नाकारतच नाही. उलट तुमच्या नोंदीशिवाय माझं कामच अडतं. वेग मोजायचा तर ग्रहणाची वेळ निरुपयोगी, कारण तेव्हा दोन्ही तारे आपल्या नजरेला आडवे सरकत असतात, जवळ येत नाहीत की दूर जात नाहीत. रेषा सर्वांत जास्त सरकतात त्या पाव फेरीनंतर. अल्गोलच्या बाबतीत ग्रहणमध्यानंतर साधारण सतरा तासांनी. दुर्बिणीवर मिळालेल्या मोजक्या रात्री कुठे खर्च करायच्या, ते तुमच्या वहीवरूनच ठरतं.

मामा : मग माझा शेवटचा आक्षेप रात्रींबद्दलच. गाया उपग्रहाच्या तिसऱ्या यादीत ग्रहणकारी जोड्यांचे वीस लाखांहून जास्त उमेदवार आहेत. प्रत्येकाच्या मंद ताऱ्यामागे तुम्ही कशा धावणार? एवढ्या जोड्यांचा साधा अभ्यास जास्त शिकवेल, की चार जोड्यांचा खोल अभ्यास?

भाची : वीस लाख जोड्या वाचायच्या तर मोजपट्टी लागते, आणि मोजपट्टी मोजक्याच जोड्यांवर बनते. २०१० मध्ये टॉरेस, अँडरसन आणि हिमेनेस यांनी अशा जोड्यांची यादी केली, ज्यांतल्या दोन्ही ताऱ्यांची वस्तुमानं आणि आकार तीन टक्क्यांच्या आत माहीत आहेत. अख्ख्या आकाशातून ९५ जोड्या मिळाल्या. ताऱ्यांचं वय, त्यांचं आयुष्य, ग्रहांच्या यजमान ताऱ्यांची वस्तुमानं, या सगळ्यांची गणितं तपासायची ती अशा जोड्यांवर. पुढचं बघा. मोठा मॅगेलनी मेघ ही शेजारची आकाशगंगा किती दूर, ते पोलंडच्या पिएत्शिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एका टक्क्याच्या अचूकतेनं काढलं. ते वीस ग्रहणकारी जोड्यांवरून, ज्यांत दोन्ही ताऱ्यांच्या रेषा मोजल्या होत्या. अंतर आलं सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं. विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय, ते मोजण्याच्या शिडीची ही एक पायरी आहे.

मामा : वीस जोड्यांवर एवढं ओझं!

भाची : आणि हीच युक्ती ग्रहांनाही लागू पडली. एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून एक ग्रह जातो. २०१० मध्ये इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं त्या ग्रहाच्या वातावरणातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा सरकताना पकडल्या. ग्रहाचा वेग मिळाला, सेकंदाला १४० किलोमीटर. आणि टॉमकिन, लॅम्बर्ट यांच्यासारखाच भागाकार करून तारा आणि ग्रह दोघांची वस्तुमानं निघाली. तिथे जोडीतला मंद सोबती तारा नव्हता, ग्रह होता. पद्धत तीच.

मामा : तर मग माझं म्हणणं एवढंच राहिलं, की सगळ्यांमागे धावू नका. निवडक जोड्या घ्या, पण शेवटपर्यंत न्या. आणि त्या निवडायच्या कशा, ते ठरवताना आम्हा वहीवाल्यांना विचारा.

भाची : एवढं तर मी आजच लिहून देते.

दोघांचं ऐकल्यावर माझं मत असं आहे. प्रकाशाच्या नोंदी जोडी शोधून देतात, तिचा काळ सांगतात आणि तो काळ बदलत असेल तर तेही सांगतात. हे काम मोठं आहे आणि हौशी निरीक्षकांशिवाय होणारं नाही. पण जोडीतला मंद तारा त्याच्या स्वतःच्या प्रकाशात वाचला जात नाही, तोवर दोन्ही ताऱ्यांबद्दलचं आपलं ज्ञान उसनं असतं. वस्तुमान गृहीत धरलेलं राहतं आणि पूर्वायुष्य तर्कावर राहतं. तेजस्वी ताऱ्याचं वजनसुद्धा त्याच्या मंद सोबत्याला विचारल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणून आपल्या आकाशदर्शन मंडळांना आणि महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना एक विनंती. अल्गोलच्या ग्रहणाच्या वेळा नोंदवण्यापासून सुरुवात करा, त्याला डोळे आणि घड्याळ पुरतात. पण तिथे थांबू नका. हौशी दुर्बिणींना लावता येतील असे वर्णपटमापक आता मिळतात. एखादा घेऊन विद्यार्थ्यांना आधी तेजस्वी ताऱ्यांच्या रेषा ओळखायला शिकवा. त्यांतले काही जण पुढे मोठ्या दुर्बिणींवर जातील, आणि मंद ताऱ्यांच्या मागे लागणारी माणसं आपल्याला तिथेच हवी आहेत.